मोरपंखी आतून का वाळते?

प्रश्न : कोथरूडला गच्चीत 12 इंची कुंडीत मोरपंखी आहे. रोज पाणी घालूनही ती आतून तपकिरी पडतेय. मोठी कुंडी घेऊ का?

उत्तर : खोडालगतची जुनी पानं वाळणं स्वाभाविक आहे, हाताने झाडून टाका. शेंडे पिवळे पडत असतील तर मात्र मुळं तपासा. ‘रोज’ हा नियम सोडा. बोट दोन इंच खुपसा, ओल लागली तर पाणी नको. एप्रिल-मेमध्ये रोज लागेलही. पावसाळ्यात ताटली काढून कुंडी विटांवर ठेवा.

कुंडी बदला, पण जूनमध्ये, चांगला पाऊस झाल्यावर. एकदम 20 इंची नको; मुळं न पोहोचलेली माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. 14 इंची पुरे. मुळं-मातीच्या गोळ्याभोवती फिरलेली मुळं कापा, एकूण मुळांच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नाही. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू. नुसती काळी माती वाळली की कडेने भेगा पडतात, पाणी तिथून निसटतं आणि गोळा कोरडाच! नंतर दोन-तीन आठवडे फक्त सकाळचं ऊन, महिनाभर खत नाही.

पुढे दर दोन-तीन वर्षांनी मुळं छाटून त्याच कुंडीत लावलंत तरी चालेल. फांद्या मात्र हिरव्या भागातच कापा. उघड्या तपकिरी फांदीला सहसा फूट येत नाही.

उन्हाळ्यात पानं धुरकट दिसली तर फांदी पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर ते कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड. सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानं धुवा.