स्कायडायव्हर्सना वर नेणारा मुलगा आणि आईची एफडी

नौपाड्यातल्या एका निवृत्त शिक्षिका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा २५ वर्षांचा. बारामतीत शिकून त्याने कमर्शियल पायलट लायसन्स मिळवलं, उड्डाणाचे तास २०५. त्यासाठी २८ लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे, व्याज १०.५ टक्के, मुदत दहा वर्षं, ताई सहकर्जदार. हप्ते चार महिन्यांनी सुरू होतील. ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाच्या सोडतीत त्याचा नंबर लागला आणि गेल्या महिन्यात व्हिसा मिळाला. तिथल्या एका स्कायडायव्हिंग (विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारण्याच्या) केंद्राने 'ये, सेसना १८२ उडवायला घेतो' असं कळवलं आहे. ठरावीक पगार नाही, लोडमागे, म्हणजे उड्या मारणाऱ्यांना वर नेण्याच्या एका फेरीमागे, ३० डॉलर. लायसन्स तिथलं करून घेणं, तिकीट आणि पहिल्या तीन महिन्यांचं राहणं-खाणं धरून ९ लाख लागतील. ताईंची पेन्शन ३८ हजार, एफडी १४ लाख, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी १५ लाख. दीर म्हणतात हे सगळं सोडा, राहता फ्लॅट गहाण ठेवा आणि २० लाखांचं एअरबस ए ३२० चं टाइप रेटिंग (त्या जातीचं विमान उडवायची परवानगी देणारं प्रशिक्षण) करून घ्या, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, नोकऱ्या निघतील. ताईंचा प्रश्न: बचत योजनेतले पैसे मोडून मुलाला पाठवू का?

ताई, मुलाला जाऊ द्या. पण बचत योजनेला हात लावू नका, पूर्ण नऊ लाख देऊ नका, आणि घाई करू नका.

आधी त्याची तिथली कमाई मांडून बघू, कारण पत्रात खर्चाचे आकडे आहेत, मिळकतीचे नाहीत. सेसना १८२ हे लहान, एका इंजिनाचं विमान. पायलटशिवाय सहसा चार जण मावतात, म्हणजे दोन टँडम जोड्या (एका पॅराशूटला बांधलेले प्रशिक्षक आणि पाहुणा). भरलेलं विमान दहा हजार फुटांवर न्यायला वेळ लागतो. वर जाऊन खाली येईपर्यंत साधारण २५ मिनिटं धरू. ढग खाली आले, वारा वाढला, पाऊस लागला की उड्या बंद, आणि उड्या बंद म्हणजे पायलटची कमाईही बंद. म्हणून रोजचे आठ लोड, आठवड्याचे चार दिवस, असे ३२ लोड चांगल्या आठवड्यात होतील. सरासरी मी २४ च धरतो. २४ लोडचे ७२० डॉलर. या व्हिसावर काम करणाऱ्याला पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर लागतो, ४५ हजार डॉलरपर्यंत हाच दर. हातात उरतात ६१२. लहान गावात खोली वाटून घेतली तरी भाडं, जेवण आणि फोन मिळून ५५० कुठेच जात नाहीत. आठवड्याला साठेक डॉलर उरले तर उरले.

म्हणजे तो तिथे स्वतःचं पोट भरेल, बँकेचा हप्ता भरणार नाही. २८ लाखांवर दहा वर्षांसाठी महिन्याचा हप्ता सुमारे ३७,८०० रुपये येतो, जवळजवळ तुमच्या पेन्शनएवढा. तो ऑस्ट्रेलियात असो की घरी, हा हप्ता टळत नाही. म्हणून माझ्या हिशेबात पहिलं पाकीट हप्त्याचं: बारा महिन्यांचे साडेचार लाख, वेगळ्या खात्यात. दुसरं पाकीट तुमचं: चार लाख, तुमच्या दवाखान्यासाठी आणि घरासाठी, त्याला मुलानेही हात लावायचा नाही. चौदा लाखांच्या एफडीतून उरतात साडेपाच. मुलाला द्यायची रक्कम तेवढीच. तुम्ही आधी नऊ लाख काढून दिले असते, तर हप्ते भरता भरता वर्षभरात एफडी संपली असती, आणि मग बचत योजना मोडायची वेळ आपोआप आली असती. त्या योजनेतून तुम्हाला दर तिमाहीला ३०,७५० रुपये मिळतात. दोन वर्षांनंतर मोडली तर मुदलातून १ टक्का कापतात, त्याआधी जास्त. पण खरं नुकसान त्या कापणीचं नाही, आयुष्यभराचा आधार हातातून जातो त्याचं आहे.

उरलेले साडेतीन लाख त्याने जमवायचे, आणि त्याला वेळ आहे. व्हिसा मिळाल्यापासून बारा महिन्यांच्या आत देशात पाऊल ठेवायचं असतं. म्हणजे अजून अकरा महिने. या काळात हवामानशास्त्र आणि नेव्हिगेशन शिकवणाऱ्या पायलट क्लासमध्ये त्याने शिकवावं. दोनशे तासांचा ताजा पायलट तिथे चालू शकतो. गेल्यावरही विमान हाती येईपर्यंत रिकामं बसायची गरज नाही. ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्या मारणारे उतरतात त्या मैदानावर, पॅराशूट घडी घालणाऱ्या पॅकरला नगामागे पैसे मिळतात, आणि पायलट होणाऱ्या मुलाला ते काम शिकलेलं फायद्याचंच आहे. किनारपट्टीच्या दक्षिणेकडच्या केंद्रांवर, बायरन बे किंवा वोलोंगाँगसारख्या ठिकाणी, उन्हाळ्यात म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत गर्दी असते. उत्तरेला केर्न्सकडे त्याच महिन्यांत पावसाळा असतो. केंद्र नेमकं कुठे आहे ते बघून तिकीट काढायचं.

आता दिरांचं म्हणणं. त्यांचा हेतू चांगला आहे, पण सल्ला धोक्याचा आहे. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली ही आनंदाची गोष्ट आहे. पण पायलटची भरती विमानतळ उघडल्याने होत नाही, एअरलाइन्सकडे नवी विमानं आल्याने होते. नोकरीचं पत्र हातात नसताना केलेलं टाइप रेटिंग पडून राहतं. सराव सुटला की सिम्युलेटरवर पुन्हा पैसे मोजावे लागतात. त्यासाठी राहतं घर गहाण? माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. एअरलाइनने निवड केली आणि रेटिंग करून ये म्हटलं, तर तेव्हा पुन्हा लिहा, वेगळा हिशेब करू.

मुलालाही एक गोष्ट समजावून सांगा, कारण परदेशी पायलटांचे व्हिडिओ बघून आपल्या मुलांचा गैरसमज होतो. अमेरिकेत एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसायलाच साधारण १५०० तास लागतात, म्हणून तिथली मुलं स्कायडायव्हर्स उडवून तास जमवतात. भारतात फर्स्ट ऑफिसरसाठी २०० तासांचं लायसन्स हाच उंबरठा. त्यापुढे लेखी परीक्षा, सिम्युलेटर चाचणी आणि मुलाखत. सेसनाच्या २६० जादा तासांनी तो दरवाजा आपोआप उघडत नाही. मग जायचं कशाला? कारण ते तास तो स्वतः विमानाचा कमांडर म्हणून उडवणार आहे, पुढे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एटीपीएल लायसन्ससाठी इथेही १५०० तास लागतातच, आणि छोट्या विमानांचे चार्टरवाले अनुभव बघतात. सहा महिन्यांत २४ लोडच्या सरासरीने २६० तास होतील. नऊ लाख भागिले २६० म्हणजे तासाला साडेतीन हजार रुपये. इथे कोणी इतक्या स्वस्तात विमान उडवायला देत नाही. शिवाय भारतात नारनौल, उज्जैनसारख्या मोजक्याच ठिकाणी उड्या होतात, तिथे जागा किती निघणार!

सहा महिने मी उगाच म्हटलं नाही. सवलती सोडल्या तर या व्हिसावर एका मालकाकडे सहा महिनेच काम करता येतं. दुसरं केंद्र शोधायची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवायला हवी.

पैसे पाठवण्याआधी केंद्राकडून लेखी उत्तरं मागवा. प्रशिक्षणाची उड्डाणं किती आणि त्यांचा खर्च कोणाचा? उड्या मारणारे दाराशी सरकले की विमानाचा तोल बदलतो आणि कमी वेगात ते स्टॉलच्या, म्हणजे पंखांचा उचलण्याचा जोर सुटण्याच्या, जवळ येऊ शकतं. माणसं उतरल्यावर झपाट्याने खाली येताना तापलेलं इंजिन एकदम थंड होऊ द्यायचं नसतं. हे शिकवल्याशिवाय कोणी तुमच्या मुलाला आठवडाभरात लोड देत असेल, तर तिथे पाठवू नका, मग व्हिसा वाया गेला तरी चालेल. पायलटला इमर्जन्सी पॅराशूट देतात का? नोकर म्हणून ठेवणार की कंत्राटदार म्हणून? कंत्राटदार असेल तर अपघाताचं संरक्षण बहुधा त्याचं त्यालाच बघावं लागेल. नोकर असेल तर सुपर म्हणजे तिथला पीएफ जमा होईल, पण देश सोडताना त्यातले ६५ टक्के करात जातात. ती रक्कम हिशेबात धरूच नका.

पाठवायची रक्कम एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या आत आहे, त्यामुळे टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) कापला जाणार नाही. कर्जाच्या व्याजावरची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. तुमच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत करच लागत नाही, तेव्हा त्यात डोकं घालू नका.

विम्याचं मात्र मनावर घ्या. सहकर्जदार तुम्ही आहात, त्यामुळे त्याला काही झालं तर २८ लाख तुमच्या पेन्शनवर येतील. त्याच्या नावाने ५० लाखांचा टर्म विमा घ्या आणि अर्जात 'स्कायडायव्हिंगचं विमान उडवणार' हे जसंच्या तसं लिहा. विम्याचा हप्ता वाढेल, वाढू द्या. लपवलं तर दावा नाकारला जाऊ शकतो. साधी अपघात पॉलिसी इथे पुरत नाही, कारण बहुतेक पॉलिसींत तिकीट काढलेला प्रवासी सोडून बाकी उड्डाण वगळलेलं असतं. वैद्यकीय तपासणी आणि कंपनीचे प्रश्न यांत बरेच दिवस जातात, म्हणून अर्ज याच महिन्यात भरा, आणि पॉलिसी हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.