तवंदी घाटात गिअर सुटतो

प्रश्न : हायवेवर बंद पडलेल्या गाड्या ओढून आणण्याचा माझा धंदा आहे. मागे क्रेन बसवलेला सहाचाकी ट्रक आहे. महिनाभर झालं, तवंदी घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की तिसरा गिअर सुटून न्यूट्रल होतो. गिअरबॉक्सचा आवाजही वाढलाय. एक मेस्त्री म्हणतो, तिसरा गिअर आणि एक बेअरिंग बदलू. दुसरा म्हणतो, सगळा बॉक्स खोलून नव्याने बांधायला हवा. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : मालक, आधी गाडी उभी करा. मागे गाडी लटकत असताना घाटात गिअर सुटला, तर इंजिनची ओढ संपते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हायवेवर बाकीची माणसंही असतात.

आता मेस्त्रींचं. दोघांपैकी कुणी गिअरबॉक्सचं ऑइल काढून बघितलं का? गाडी थोडी फिरवून ऑइल गरम करा आणि स्वच्छ ट्रेमध्ये काढा. ड्रेन प्लगच्या (ऑइल सोडायच्या बुचाच्या) चुंबकाला लोण्यासारखा करडा गाळ असेल तर ती नेहमीची झीज. पितळी चमक दिसली तर सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या, घासल्यात. पण चिमटीत धरता येईल असा तिळाएवढा तुकडा सापडला, तर दात किंवा बेअरिंग फुटलंय.

मग इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये कान द्या. आवाज येतोय आणि क्लच दाबल्यावर थांबतोय, तर इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून फिरणाऱ्या दांड्याचं) किंवा काउंटर शाफ्टचं (त्याच्यावरून फिरणाऱ्या जोडदांड्याचं) बेअरिंग गेलंय. क्लच दाबल्यावरच येत असेल तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग बघा, त्यात बॉक्सचा दोष नाही.

ऑइल स्वच्छ आणि आवाज फक्त तिसऱ्यात, तर दुरुस्ती पुरेल. मात्र एकटा गिअर बदलून भागणार नाही. ज्या छोट्या दातांवर स्लीव्ह, म्हणजे गिअर शाफ्टला जोडणारी सरकती कडी, चढते, त्यांच्या कडा गोल झाल्या की ताण सुटताच स्लीव्ह मागे सरकते. म्हणून गिअर आणि स्लीव्ह जोडीनं बदला, स्लीव्ह सरकवणारा फोर्क आणि गिअर जागेवर धरणाऱ्या लॉकची स्प्रिंगही तपासा.

तुकडा सापडला तर पूर्ण बांधणीच करा. ऑइलबरोबर तो चुरा प्रत्येक बेअरिंगमधून फिरलेला असतो. उसाच्या हंगामात एका मालकाच्या घाईपायी मी एकच बेअरिंग बदलून गाडी सोडली होती. दोन महिन्यांत तोच बॉक्स परत आला, काउंटर शाफ्टचे दात चाटून गेलेले. ते अजून मनाला लागतं. बॉक्स खोलल्यावर केसिंगमधली (बाहेरच्या कवचातली) बेअरिंगची जागा बोटानं चाचपा. बेअरिंग तिथं फिरून जागा सैल झाली असेल तर नवीन बेअरिंग टिकणार नाही. बेळगावच्या उद्यमबागेत ती जागा बोअर करून आत धातूची नळी बसवून देणारे लेथवाले आहेत. तो खर्च आणि गिअरचा खर्च मिळून रिकंडिशन (दुरुस्त करून विकलेल्या) बॉक्सच्या किमतीच्या निम्म्यापुढे गेला, तर मी बॉक्सच बदलतो.

ऑइल कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला. जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल सांगितलं असताना जास्त चांगलं म्हणून जीएल-५ घातलं, तर पितळी रिंगना ते बाधू शकतं.

आणि गिऱ्हाइकाचा ट्रक मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढत असाल, तर त्याचा प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) आधी सोडा. इंजिन बंद असतं, काउंटर शाफ्ट फिरत नाही, ऑइल उडत नाही. बॉक्समधला चाकांकडचा मेन शाफ्ट मात्र चाकांमुळे कोरडाच फिरत राहतो. संकेश्वरपासून बेळगावपर्यंत तसा आणलात तर त्याचा चांगला बॉक्स वाटेतच जळेल.