सहसंसर्ग की सहसंक्रमण?

म्हापशाहून एका गणिताच्या प्राध्यापिकेने विचारलं आहे: विद्यार्थ्याच्या प्रबंधाचं नाव 'कीटकजन्य रोगांच्या सहसंक्रमण-नियंत्रणाचे गणितीय प्रारूप' असं ठेवलंय, बरोबर आहे का?

'सहसंक्रमण' तेवढं काढा. रोगाची लागण या अर्थी 'संक्रमण' हिंदीत रुळलेलं. आपल्याकडे ते कोविडच्या बातम्यांतून पसरलं. मराठीला संक्रमण म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाणं: सूर्य मकरेत जातो ते संक्रमण. लागणीला आपला 'संसर्ग' आहे, म्हणून एकाच माणसाला दोन रोगांची एकदम लागण म्हणजे 'सहसंसर्ग'.

एरवी मी एवढा अडून बसलो नसतो, पण इथे त्याने गोंधळच होईल. मलेरिया आणि डेंग्यूचं प्रारूप, म्हणजे मॉडेल, कागदावर मांडा. चार चौकोन: निरोगी, फक्त मलेरिया, फक्त डेंग्यू, दोन्ही. मधले बाण म्हणजे माणसं एका चौकोनातून दुसऱ्यात जाण्याचा वेग. त्या बाणालाच मराठीत संक्रमण म्हणायला हवं! चौथ्या चौकोनाला ते नाव दिलंत, तर बाणाला काय म्हणणार?

'मिश्र संसर्ग'ही नको. एकाच रोग्यात व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम, मलेरियाचे हे दोन्ही जंतू सापडले की डॉक्टर तो शब्द वापरतात. 'जोडसंसर्ग' कानाला गोड, पण जोडधंद्यासारखा दुय्यम वाटतो.

'कीटकजन्य'बद्दल एक कुरकुर. रोग डासातून जन्मत नाही, डास तो वाहून आणतो. पण सरकारी कार्यक्रमाच्या नावातच शब्द बसलाय, राहू द्या.

'नियंत्रण' मात्र विद्यार्थ्याने आत नीट फोडून लिहावं. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, मलेरियाचा ॲनोफिलीस रात्री. मच्छरदाणीने मुख्यतः मलेरियाचा बाण बारीक होतो. पणजीत इमारतींच्या टाक्यांत वाढणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी आणि एडिस, दोघांनाही साठवलेलं पाणी लागतं. टाकीला घट्ट झाकण बसवलं की दोन्ही बाण आखडतात.

आणि विद्यार्थ्याच्या कोंकणी मसुद्यात 'जोर' दिसला तर खोडू नका. तो ज्वराचाच जोर, ताकदीचा नव्हे. मराठीत आणताना तेवढा 'ताप' करा.