हिरवा दिवा लागतो, पण पिन जागेवर आहे का?

तुमची पोस्ट दोनदा वाचली. घडी होणाऱ्या पात्यांचा छोटा टिल्टरोटर (रोटर उभे-आडवे वळवून उडणारं यंत्र), प्रत्येक रोटरला तीन पाती. पाती उघडली की लॉकचा हिरवा दिवा लागतो, पूर्ण वेगात रोटर सुरळीत फिरतो, पण ब्रेक लागला की एकच पातं घडीच्या दिशेनं सरकतं. आणि तुम्ही कारण शोधताय कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये. कळकळीची विनंती, सेटिंगला हात लावू नका आणि रोटर पुन्हा फिरवू नका. आधी त्या पात्याची लॉक पिन (उघडलेलं पातं जागेवर अडकवणारी खीळ) बाहेर काढून हातात घ्या. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं.

पूर्ण वेगात काही जाणवत नाही, कारण लॉक नसलं तरी पात्याला केंद्रोत्सारी बल सरळ धरून ठेवतं. 150 ग्रॅमचं पातं, गुरुत्वमध्य 30 सेंटिमीटरवर, मिनिटाला 1800 फेरे: ओढा येतो सुमारे 160 किलोचा. वेग निम्मा झाला की तो पावपट उरतो. त्यात ब्रेक लागला की हब (पाती जोडलेला मधला भाग) थांबतो आणि पातं जडत्वानं पुढे जाऊ बघतं. ज्या पात्याची घडी फिरण्याच्या दिशेनं आहे तेच सरकतं, म्हणून तुम्हाला एकच दिसतंय. उलट दिशेनं घडी होणाऱ्या पात्याची पिन शाबूत आहे असं त्यावरून समजू नका, त्याचं दुखणं रोटर सुरू होताना दिसेल.

मग दिवा हिरवा का? तुमच्या फोटोत सेन्सर अ‍ॅक्च्युएटरच्या (पिन ढकलणाऱ्या यंत्रणेच्या) दांड्यावर दिसतोय. तो फक्त दांडा पुढे गेल्याचं सांगतो. कडी सरकल्याचा आवाज आला म्हणजे ती कोयंड्यात गेलीच असं नसतं. आमची पिन दांड्याला आट्यांनी जोडलेली होती आणि आट्यांच्या मुळाशी तुटली होती. पाती घडी केलेल्या अवस्थेत, वाहतुकीत, तिचा पुढचा तुकडा गळून पडला. उघडताना दांडा रिकामाच पूर्ण पुढे गेला आणि सेन्सरनं इमानदारीत ‘लॉक’ कळवलं. पातं तेव्हा फक्त घडीच्या मोटरच्या गिअरवर तगून होतं.

आता पिन का तुटली ते. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. पिन ईएन 24 या मिश्र पोलादाची, हार्डनिंग करून कडकपणा 42 एचआरसीच्या (रॉकवेल मापाच्या) आसपास, वर झिंक प्लेटिंग. इतक्या कडक पोलादावर प्लेटिंग करताना आम्लात आणि विद्युत टाकीत हायड्रोजन आत शिरतो. तो काढायला प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत घालून 190 ते 220 अंशांवर कित्येक तास बेकिंग करावं लागतं. ड्रॉइंगवर ती ओळ स्पष्ट होती. ज्या संस्थेसाठी काम चाललं होतं तिच्या खरेदी विभागानं ऑर्डर काढताना ती परस्पर गाळली. विचारल्यावर उत्तर मिळालं की पुरवठादाराकडे सोय नाही, दरही वाढतो, आणि पिन ताण-चाचणीत पास आहे. पास होणारच! ती चाचणी काही मिनिटांत संपते. हायड्रोजनचा तडा सतत ताण असताना तासांनी, दिवसांनी वाढतो. म्हणूनच त्याची रीतसर चाचणी 200 तास भार ठेवून करतात. लेखी आक्षेप दिला, नमुने पुन्हा तपासा म्हटलं, तर फाइल ‘चाचणी समाधानकारक’ या शेऱ्यानं बंद. पाती आणि हब बदलायचा खर्च आमच्याच खात्यात घातला गेला. मला अजून त्याचा राग येतो. कागदावरची एक ओळ ज्यांना कळत नाही त्यांना ती खोडायचा अधिकार कसा असतो?

असो. माझं मत असं: शक्य असेल तर प्लेटिंगच टाळा. 17-4 पीएच स्टेनलेस एच 1025 या उष्णता-प्रक्रिया केलेल्या अवस्थेत घ्या, त्याला गंजरोधक लेपाची गरज नसते. मात्र लगमध्ये (पिन ज्या छिद्रवाल्या कानांतून जाते त्यांत) अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झचे बुश (छिद्रात बसणाऱ्या नळ्या) बसवा, स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं तर चिकटतं. सेन्सर दांड्यावरून काढून शेवटच्या लगच्या पलीकडे लावा, पिनचं नाक तिथे पोचलं तरच ‘लॉक’. ‘अनलॉक’साठी वेगळा सेन्सर हवा. दोन्ही बंद किंवा दोन्ही चालू म्हणजे बिघाड, मग मोटर सुरूच होऊ द्यायची नाही. आणि पिनच्या टोकाला लाल पट्टा रंगवा, जमिनीवरून डोळ्यांनी दिसेल असा.

मोठ्या यंत्रांत हे किती महत्त्वाचं आहे बघा. व्ही-22 ऑस्प्रे या अमेरिकी टिल्टरोटर विमानात प्रत्येक रोटरची दोन पाती आत दुमडतात, तिसरं विंगच्या रेषेत राहतं, मग नॅसेल (इंजिनांची घरं) आडवी होतात आणि विंग 90 अंशात फिरून फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) रेषेत येतं. 11.6 मीटर व्यासाचे दोन रोटर असलेलं विमान सुमारे 90 सेकंदांत 5.6 मीटर रुंदीत बसतं. अशा साखळीत एका लॉकनं खोटं सांगितलं तर पुढची पायरी चुकीच्या भरवशावर सुरू होते. बेल या अमेरिकी कंपनीनं 1972 मध्ये नासा एम्सच्या 40 बाय 80 फुटी वायुबोगद्यात 25 फुटी घडीचा रोटर तपासला होता आणि 2023 मध्ये हॉलोमन या अमेरिकी हवाई तळावरच्या वेगचाचणीच्या रुळांवर पुन्हा तेच तंत्र पळवलं. तिथे तर घडी उडताना घालायची आहे.

मी प्रमाणित विमान-देखभाल अभियंता नाही. हे सगळं छोट्या मानवरहित यंत्रांपुरतं समजा, माणूस बसणार असेल तर माझ्या शब्दावर एक पिनही बदलू नका.

पिन तुटलेली निघाली तर तुटलेला पृष्ठभाग पुसू नका, तेलही लावू नका. भिंगातून जवळचा फोटो काढून इथे टाका, आणि सोबत पिनचा कडकपणा व प्लेटिंगच्या बिलावर बेकिंगची नोंद आहे का ते लिहा.