विकास आराखड्यातील आरक्षण दहा वर्षांनी आपोआप उठते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नगरपरिषद हद्दीतील आपल्या वडिलोपार्जित ३० गुंठ्यांपैकी सुमारे निम्म्या जमिनीवर २००४ साली मंजूर झालेल्या विकास आराखड्यात प्राथमिक शाळा व क्रीडांगणाचे आरक्षण आहे, नगरपरिषदेने आजवर ती जमीन घेतलेली नाही, आणि एक एजंट सांगतो की दहा वर्षे उलटल्यामुळे आरक्षण आपोआप उठले आहे, तेव्हा आता बांधकामाला हरकत नाही. मी आर्किटेक्ट असून नगररचनेच्या परवानग्यांची कामे गेली पंचवीस वर्षे करीत आहे, म्हणून सरळच सांगतो: एजंटाचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि न सांगितलेल्या अर्ध्या भागानेच आपण अडचणीत याल.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम १२७ मध्ये दहा वर्षांचा उल्लेख आहे. परंतु अंतिम विकास आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर त्यातून मालकाला मिळतो तो केवळ नोटीस देण्याचा अधिकार. आरक्षण जागच्या जागीच राहते. मालकाने किंवा जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीने मालकीच्या कागदपत्रांसह नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे आपल्या बाबतीत नगरपरिषदेला, नोटीस द्यायची आणि ती बजावली गेल्यापासून २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा संपादनाची कार्यवाहीही सुरू झाली नाही, तरच आरक्षण व्यपगत झाल्याचे, म्हणजे कायद्याने संपल्याचे, मानले जाते. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती, पुढे बारा झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस झाली. जुन्या पुस्तकांत किंवा ओळखीच्या माणसाच्या सल्ल्यात 'सहा महिने' आढळले तर गोंधळून जाऊ नये.

नोटीस मिळाल्यावर नगरपरिषदा बहुधा सर्वसाधारण सभेत ठराव करतात, जिल्हाधिकाऱ्यांकडे भूसंपादनाचा प्रस्ताव पाठवतात आणि 'कार्यवाही सुरू आहे' असे उत्तर देतात. एवढ्याने कलम १२७ मधील कार्यवाही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितले आणि २०१३ मध्ये श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तेच कायम केले. भूसंपादनाची अधिघोषणा, म्हणजे जमीन संपादित करण्याची अधिकृत जाहीर घोषणा, राजपत्रात प्रसिद्ध होणे महत्त्वाचे आहे. ठरावाची प्रत हातात पडली म्हणून धीर सोडण्याचे कारण नाही. मात्र खरोखरच पैशांची तरतूद होऊन अधिघोषणा निघाली, तर आरक्षण टिकते आणि आपल्याला २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार मोबदला मिळतो, ज्यात बाजारमूल्याखेरीज तितकीच दिलासा रक्कम मिळते. लहान नगरपरिषदांना हा खर्च झेपत नाही, म्हणूनच इतकी आरक्षणे वर्षानुवर्षे कागदावर पडून राहतात.

आता आपल्या बाबतीतल्या सर्वांत निकडीच्या मुद्द्याकडे येतो. आपला आराखडा २००४ चा आहे आणि वीस वर्षांनी आराखड्याची सुधारणा करण्याची तरतूद कलम ३८ मध्ये आहे, म्हणजे सुधारित आराखड्याचे काम एक तर सुरू झाले असेल किंवा लवकरच होईल. मालकाने नोटीस न देता सुधारित आराखडा अंतिम होऊ दिला आणि त्यात तेच आरक्षण कायम राहिले, तर दहा वर्षांची मोजणी नव्या आराखड्यापासून सुरू होते, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात घेतली आहे. आमच्या घरात नेमके हेच घडले. माझ्या चुलत्यांनी बाजारपेठेलगतच्या आमच्या जमिनीबाबत एकट्याच्या सहीने नोटीस धाडली, तीही थेट जिल्हाधिकाऱ्यांना. सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव होते, वारस नोंद झालेली नव्हती, आत्यांच्या सह्या नव्हत्या. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि अखेर 'सक्षम प्राधिकरणाकडे अर्ज करावा' अशा दोन ओळींच्या शेऱ्यासह परत आला. वारस नोंदीचा फेरफार मंजूर होईपर्यंत सुधारित आराखडा मंजूर झाला होता आणि आरक्षण त्याच जागी, फक्त नव्या क्रमांकाने, उभे होते.

त्यामुळे प्रथम सातबारा, फेरफार आणि वारस नोंदी तपासा. सर्व सहहिस्सेदारांच्या, बहिणींसह, सह्या घ्या किंवा नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करा. नोटीस मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, गट क्रमांक, आरक्षण क्रमांक व क्षेत्र लिहून, आवक-जावक कक्षात प्रत्यक्ष द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोहोच शिक्का घ्या, कारण २४ महिने त्या शिक्क्यापासून मोजले जाणार आहेत. मसुदा मात्र या विषयात काम करणाऱ्या वकिलाकडूनच करून घ्यावा.

याच सुमारास नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून झोन दाखला (जमीन आराखड्यात कोणत्या वापराच्या विभागात येते ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्याच्या नकाशातील आपल्या जमिनीभोवतीचा भाग) मागवा. सातबाऱ्यावर आरक्षण दिसत नाही, ते फक्त तिथेच कळते. 'निम्मी जमीन' हा आपला अंदाजही नकाशावर पडताळून पाहावा लागेल. १:५००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ प्रत्यक्ष जमिनीवर पाच मीटर व्यापते, आणि आपल्या गटाची हद्द तशाच एखाद्या रेघेखाली असेल तर दोन-तीन गुंठ्यांचा फरक सहज पडू शकतो. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीची 'क' प्रत घेऊन ती आराखड्याच्या नकाशावर बसवून घेतल्याशिवाय नोटिशीत क्षेत्र लिहू नये.

झोन आणि आरक्षण यांत लोक हमखास गल्लत करतात. आरक्षण व्यपगत झाले की जमीन मोकळी होते, पण ती लगतच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय असेल त्याच वापरासाठी, असे कलम १२७ स्पष्ट म्हणते. भोवताली रहिवास विभाग असेल तर आपण रहिवासाचे बांधकाम मागू शकता. भोवताली शेती विभाग असेल तर आरक्षण उठूनही इमारत उभी राहणार नाही. भाग नकाशावर आपल्या गटाच्या चारही बाजूंचे रंग पाहा आणि ते नकाशावरील रंगांच्या सूचीशी ताडून घ्या. आरक्षण व्यपगत झाल्यावर शासनाने राजपत्रात तसा आदेश काढायचा असतो. तो हातात येण्याआधी बांधकाम परवानगीच्या मागे लागल्यास कार्यालयात हेलपाटेच पडतील.

नोटीस न देता जमीन नगरपरिषदेला देऊन मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजेच टीडीआर (दुसऱ्या जागी जादा बांधकामासाठी वापरता किंवा विकता येणारा हक्क), घेण्याचा पर्यायही कलम १२६ मध्ये आहे. पुण्यासारख्या शहरात त्याला गिऱ्हाईक मिळते. आपल्या आकाराच्या गावात मात्र तो विकत घेणारा बांधकाम व्यावसायिक आहे का, याची चौकशी आधी करावी, कारण प्रमाणपत्र मिळवणे एक आणि त्याचे पैसे होणे दुसरे.

एजंटाविषयी एवढेच सुचवतो की त्याने साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्राचा मसुदा पुढे केला असेल तर त्यावर तूर्त सही करू नये. 'आरक्षणाची जमीन' म्हणून पडत्या भावाने हक्क घ्यायचे आणि मग स्वतःच कलम १२७ ची नोटीस देऊन वाढीव भावाने विकायचे, हा व्यवहार मी अनेकदा पाहिला आहे. त्यात बेकायदा काही असेलच असे नाही, पण नोटीस आपण स्वतः देऊ शकता आणि तिला शासकीय शुल्कही नाही.