सिबिल खराब म्हणून गृहकर्ज नामंजूर झालं. आता दुसऱ्या बँकेत अर्ज करू का?

नका करू. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिल रिपोर्टात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, उमटते आणि पुढचा मॅनेजर आधी तेच बघतो. तुम्ही लिहिलंय की एकही हप्ता थकवला नाही, तरी त्यावरून मिळणारा स्कोअर पडला. हे वाचून राहवलं नाही. रिपोर्ट काढा, आणि स्वतःची कर्जं बाजूला ठेवून तुम्ही कुणाकुणाला जामीन राहिलाय ते आधी शोधा.

मी सांगलीचा. विश्रामबागला फ्लॅट ठरवला, इसार दिला. पगार खात्यावर, उधारी कुणाची नाही. बँकेतल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. त्यात महिन्यामहिन्याचे चौकोन असतात. वेळेवर भरलं की 000, नाहीतर किती दिवस थकलं तो आकडा. माझ्या दुचाकीच्या कर्जाखाली सगळी शून्यं. त्याच्या खाली एक ट्रॅक्टर. 030, 060, 090 असं चढत गेलेलं आणि शेवटी 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीत मिटवलेलं. मला ट्रॅक्टर सोडा, गुंठाभर रान नाही.

ट्रॅक्टर दाजींचा, त्या कर्जाला जामीन मी. तासगाव तालुक्यात त्यांची द्राक्षबाग. 2019 च्या परतीच्या पावसात दावण्या हा बुरशीचा रोग आला, घड कुजले. कर्जमाफीत पीककर्ज बसलं, ट्रॅक्टर त्यात बसत नव्हता. याबद्दल दाजींना कोण बोल लावेल? जामीन राहिल्याचंही मला काही वाटत नाही. बहिणीच्या घरी नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. माझं भांडण पुढचं आहे. बँकेनं एकरकमी तडजोड देऊ केली, दाजींनी निम्म्याच्या आसपास भरले, बाकीचे सुटले, आणि कर्ज फिटलं म्हणून भावकीत पेढे वाटले. मला पेढा पोचला, कागद नाही. तडजोड करायच्या आधी जामीनदाराला विचारा, एवढंच मी म्हणत होतो. 'नोकरीवाल्यांना शेतीतलं काय कळतंय' असं उत्तर मिळालं होतं.

रिपोर्टची प्रिंट घेऊन गेलो. दाजींनी चष्मा लावून सगळी पानं उलटली आणि म्हणाले, 'यात माझं नाव कुठाय? सगळीकडं तुझंच आहे.' तेच तर सांगायला आलो होतो! 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 आहे : जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. सही नुसती साक्षीला असते असं सांगणाऱ्या पाहुण्यांना हे कलम ऐकवा. ऐकणार नाहीत, पण ऐकवा.

शेवटी दाजींनी बँकेला पत्र दिलं, सूट मिळालेली रक्कम भरली, नो ड्यूज म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला घेतला, आणि 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' झालं. मागच्या महिन्यांचे 090 लगेच पुसले जात नाहीत, पण मॅनेजर निदान बोलायला तयार होतो. मेहुण्याच्या हट्टापायी पैसे गेले असं दाजी अजून लग्नाकार्यात सांगतात. त्यांच्या थोरल्याला शिक्षणाचं कर्ज काढायचं होतं तेव्हा हाच 'क्लोज्ड' कामाला आला, ते मात्र सांगत नाहीत.

हं, तुमचं प्रकरण वेगळंही असू शकतं. रिपोर्ट देणाऱ्या कंपन्या चार आहेत, सिबिल त्यातली एक. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तेव्हा चारही काढा. नोंदच चुकीची असेल तर त्या कंपनीकडं आणि बँकेकडं, दोन्हीकडं तक्रार टाका. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, आणि नंतर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. आधी कधी कर्जच घेतलं नसेल तर तो डाग नव्हे, तसं बँकेला स्पष्ट सांगा. आणि तडजोडीतली उरलेली रक्कम प्रत्येक बँक नंतर भरून घेईलच असं नाही, आधी लेखी विचारा. नामंजुरीचं कारणही लेखीच मागा, काउंटरवरच्या 'सिबिल खराब आहे' वर घरी येऊ नका.