सिमेंटला न चिकटणारा दांडा

प्रश्न : माझ्या आईचा (वय ७४) खुबा बेळगावात बदलला. डॉक्टर म्हणाले, मांडीच्या हाडात बसवलेला कृत्रिम खुब्याचा दांडा गुळगुळीत आहे, सिमेंटला चिकटत नाही. मग तो सैल होणार नाही का? आई भात लावणीला जायचं म्हणतेय.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, घाबरू नका. हाडाचं सिमेंट हा डिंक नव्हेच. ते हाडाच्या जाळीदार छिद्रांत शिरून घट्ट होतं आणि तिथं अडकून बसतं. दांड्याचे मात्र दोन प्रकार. खरखरीत दांडा सिमेंटला धरून राहतो. पण ती पकड सुटली तर तो सिमेंट घासत राहतो, त्या भुकटीनं भोवतालचं हाड झिजतं. असे खुबे पुन्हा उघडणं फार जिकिरीचं असतं. म्हणून मला गुळगुळीत, निमुळता दांडाच पसंत आहे. वजन पडलं की तो पाचरीसारखा जरासा, साधारण १-२ मिलिमीटर, खाली बसतो आणि जास्त आवळतो. सिमेंटला दाब चांगला सोसतो, ताण नाही. इथं मुख्यतः दाबच पडतो.

लावणीला मात्र आईंना पाठवू नका. चिखलात वाकून पाय वळला तर खुबा निखळू शकतो. मांडीत नवं दुखणं सुरू झालं तर लगेच एक्स-रे काढा, जुना सोबत न्या.